युवा संसदेंतील विधेयकें

दिल्लीच्या शाळांत १९६६-६७ सालीं सुरू झालेली 'युवा संसद' पुढें केंद्रीय विद्यालयांतही भरूं लागली. १९५३ च्या करारान्वयें विधिमंडळाचें अधिवेशन पाहणाऱ्या नागपुरांत तिचें कौतुक व्हावें हें साहजिकच. परंतु मुलांचीं विधेयकें लेखन म्हणून कोणी वाचीत नाहीं. आमच्या पाहण्यांत आलेल्या मसुद्यांत उद्देशांचें निवेदन ओजस्वी. व्याख्येच्या कलमाशीं मात्र लेखणी अडखळते. पिशव्यांवर बंदी, पण 'पिशवी' म्हणजे काय, याचा उल्लेखच नाहीं! २०१८ ची राज्याची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना पाहावी. तेथें व्याख्यांस स्वतंत्र स्थान आहे. दंड कोणीं वसूल करावा, खर्च कोठून यावा, याविषयीं मौनच. दोष मुलांपेक्षां वक्तृत्वावर भाळणाऱ्या परीक्षकांचा अधिक. त्यांनीं मसुदा आदल्या दिवशीं वाचावा व निम्मे गुण त्यासाठीं राखून ठेवावे.