गाथा की अपदान? सामान्य नगरवासीयांच्या चरित्रलेखनाविषयी

गेल्या काही वर्षांत छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथून निघणारे गौरवग्रंथ, स्मृतिग्रंथ आणि स्मरणिका आमच्याकडे अभिप्रायार्थ येत आहेत. त्यांचे नायक राजे वा सुभेदार नाहीत. वसतिगृहाचा आचारी, ग्रंथालयाचा शिपाई, खेड्यातून येऊन नागसेनवनात शिकलेला पहिल्या पिढीचा शिक्षक अशी ही माणसे आहेत. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली तेथून आरंभ करून औरंगजेब व निजाम यांच्यापाशी शहराचा इतिहास संपविण्याची रूढ रीत या ग्रंथांनी मोडली, याबद्दल त्यांचे स्वागत केले पाहिजे. तरीही ते वाचून झाल्यावर मन असमाधानी राहते. दहा चरित्रे वाचली तरी चेहरा एकच दिसतो. कोणा एका ग्रंथाचे नाव घेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही, कारण दोष एका लेखकाचा नसून लेखनप्रकाराचा आहे.

मराठवाडा हा पर्जन्यछायेचा प्रदेश. शुष्क भूमीवर नगर वसवायचे तर पाणीसुद्धा आणावे लागते, आणि ते अनेकांच्या हातांनी येते. नहर-ए-अंबरीला मलिक अंबराचे नाव मिळाले. तिचे भुयारी मार्ग खोदणाऱ्यांची नावे लोकांच्या ओठी नाहीत. सीरियाच्या वाळवंटातील पाल्मिरा या प्राचीन नगराची गोष्ट निराळी. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत तेथील थडग्यांवर नगरवासीयांचे चेहरे कोरले गेले. शेजारी मृताचे नाव, बापाचे नाव, कित्येकदा आजाचेही, आणि बहुधा ‘हाय!’ अशा अर्थाचा एक शब्द. अनेक स्त्रियांच्या हाती सूत कातण्याची चाती आहे. ही बहुतेक सधन कुळे होती हे खरे. पण नाव, नाते आणि हातातील वस्तू एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, हे तेथे दिसते.

आपल्याला त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. कन्नड तालुक्यातील पितळखोरा लेण्यांत इसवी सनापूर्वीचे लेख आहेत. एका स्तंभावर पैठणच्या मितदेवाचे दान नोंदले आहे. तो ‘गाधिक’ म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातला. दुसरा स्तंभ पैठणच्याच संघकाच्या पुत्रांचा. विहारात ‘राजवेज’ मगिल या राजवैद्याचे नाव आहे, आणि त्याची कन्या दता हिचे दान स्वतंत्रपणे कोरले आहे. लेण्यांतील दगडमाती उपसताना सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्या कण्हदासाचे नाव असून तो ‘हिरंमकार’ म्हणजे सोनार असल्याचे म्हटले आहे. प्रत्येक लेख जेमतेम एका ओळीचा. त्यात दात्याच्या थोरवीविषयी एकही विशेषण नाही. कोण, कोठला, काय काम करणारा, कोणाचा कोण, आणि त्याने काय दिले, एवढेच. तरीही दोन हजार वर्षांनंतर हा माणूस आपल्याला त्या माणसाहून वेगळा दिसतो.

पालि साहित्यातही सामान्यांची चरित्रे सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली गाथांची. थेरीगाथेतील पुण्णिका आपली ओळख ‘उदहारी’, पाणी वाहणारी, या शब्दाने करून देते. थंडीत पाण्यात उतरावे लागे, मालकिणीच्या दंडाचे व बोलांचे भय असे, हे ती प्रथम सांगते. नदीस्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला तिने केलेला प्रश्न त्या अनुभवातून उगवतो. थेरगाथेतील सुनीत आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, वाळलेली फुले उचलून टाकण्याचे काम करीत होतो, हे लपवीत नाही. दुसरी रीत अपदानाची. पूर्वीच्या एखाद्या बुद्धास दिलेले दान, त्याचे फळ म्हणून लाभलेले देवलोक व ऐश्वर्य, शेवटच्या जन्मी अर्हत्त्व, आणि अखेरीस तीच ठरावीक पदे. पाचशेहून अधिक अपदाने या साच्यात बसविलेली आहेत. श्रद्धा दृढ करण्यास त्यांचा उपयोग झाला असेल. मात्र एका थेराचे नाव काढून दुसऱ्याचे घातले तरी बहुधा काही बिघडत नाही.

आमचे म्हणणे असे की, आपले गौरवग्रंथ गाथांचे वारस असायला हवे होते, ते अपदानांचे झाले आहेत. ‘अत्यंत हलाखीत शिक्षण’, ‘बाबासाहेबांच्या विचारांनी भारावून’, ‘समाजासाठी आयुष्य वेचले’ ही त्यांची ठरावीक पदे. १९७२ च्या दुष्काळात ‘अपार हाल सोसले’ असे वाचावयास मिळते. खडी फोडली की बांधावर माती टाकली, मजुरी धान्यात मिळाली की पैशांत, हे कळत नाही. २७ जुलै १९७८ च्या नामांतर-ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जाळल्या गेल्या. ग्रंथात ‘घर बेचिराख झाले’ एवढे येते, त्या घरात काय होते आणि माणसे रात्री कोठे थांबली हे येत नाही. पत्नीच्या वाट्याला ‘खंबीर साथ’ हे दोन शब्द येतात, कधी तर नावही नाही. मगिलाची कन्या दता दोन हजार वर्षांपूर्वी स्वतःच्या नावाने कोरली गेली, हे येथे स्मरावे.

यावर कोणी म्हणेल, ज्यांना शतकानुशतके हीन लेखले गेले त्यांचा गौरव करू नये काय? तरुणांपुढे आदर्श ठेवू नयेत काय? हा आक्षेप गंभीर आहे. परंतु गौरव विशेषणांनी होत नाही, तो तपशिलाने होतो. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पोरकेपणाच्या व भुकेच्या सुट्या सुट्या आठवणी त्यांनी मराठवाड्याच्या बोलीत सांगितल्या. स्वतःला थोर म्हटले नाही. म्हणूनच तो माणूस वाचकाच्या मनात राहतो.

डॉ. बाबासाहेबांनी १९५० मध्ये येथे सुरू केलेल्या महाविद्यालयास पुढे मिलिंद हे नाव मिळाले व परिसर नागसेनवन झाला. ज्या ग्रंथातून ही नावे आली त्या मिलिंदपञ्हात नागसेन म्हणतात की, नगर पाहून त्याच्या स्थपतीचे अनुमान होते. मात्र तेथील नगर रिकामे नाही. आचारी, न्हावी, माळी, सोनार, कुंभार, चर्मकार, गवत व लाकडे वाहणारे, मोलाने राबणारे यांची लांबलचक यादी त्यात आहे. स्थपतीचे स्मरण आपण दरवर्षी मोठ्या श्रद्धेने करतो. यादीतील माणसांची नोंद व्हावयाची आहे. नागसेनवनाची पहिली वर्षे डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. स्मृतिग्रंथाच्या संपादकांनी लेख मागविण्याआधी त्यांच्याकडे जावे. नाव, गाव, काम, मजुरी, घरातील बायकांची नावे आणि त्यांनी या नगराला दिलेली एखादी वस्तू, एवढे विचारून जसेच्या तसे लिहून घ्यावे. एका स्तंभापुरते लिहिले तरी ते पुरेसे होईल.