कोरहाचे वंशज : याजकपण, वंशावळ आणि काम

आज आपण ‘गणना’ या ग्रंथाच्या १६ व्या अध्यायातली कोरहाची कथा वाचू या, जरा चिकित्सकपणे.

आधी व्यवस्था बघू. प्राचीन इस्राएलात उपासनेची कामं घराण्यांत वाटलेली होती. लेवीचे तीन मुलगे : गेर्षोन, कहाथ, मरारी. रानातल्या प्रवासात निवासमंडपाचे पडदे गेर्षोनी वाहत, फळ्या आणि खांब मरारी. त्यांना गाड्या मिळाल्या. कहाथींना मात्र गाडी नाही, कारण कराराचा कोश आणि इतर पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. त्याही अहरोनाच्या मुलांनी झाकून दिल्यावर. उघड्या वस्तूला हात लावला तर मृत्यू.

आता गंमत अशी, की अहरोन आणि कोरह दोघेही कहाथचे नातू. म्हणजे सख्खे चुलतभाऊ. एकाकडे वेदी, दुसऱ्याकडे ओझं. कोरह २५० मानकऱ्यांना घेऊन उभा राहतो आणि विचारतो, की सगळी मंडळी पवित्र असेल तर तुम्हीच वरचढ का? कथेत या प्रश्नाचं उत्तर युक्तिवादानं येत नाही. मोशे त्याच्या हेतूवर बोट ठेवतो, आणि मग जमीन दुभंगते, अग्नी पेटतो.

म्हणून काही आधुनिक वाचक कोरहाला समतेचा पहिला हुतात्मा ठरवतात. आम्हाला हे वाचन घाईचं वाटतं. कोरह स्वतः मानाच्या घराण्यातला. त्याला भिंत पाडायची आहे की फक्त आत जायचंय, हे कथा मोकळंच ठेवते. पण त्याला निव्वळ बंडखोर म्हणून निकालात काढणंही तितकंच चूक आहे, कारण ग्रंथच तसं करत नाही. त्या २५० जणांची धुपाटणी फेकून दिली जात नाहीत. ती पवित्र झाली म्हणून त्यांचे पत्रे ठोकून वेदीला मढवले जातात. माणसं नाकारली, त्यांचं अर्पण ठेवलं! आणि २६ व्या अध्यायात एक छोटीशी नोंद येते : कोरहाचे मुलगे मेले नाहीत.

पुढे हे वंशज भेटतात ते मंदिराचे द्वारपाल आणि गायक म्हणून. स्तोत्रसंहितेतली ११ स्तोत्रं त्यांच्या नावावर आहेत. त्यातलं ८४ वं स्तोत्र देवाच्या घराच्या उंबरठ्यावर उभं राहण्यातच धन्यता मानतं. आजोबांनी गाभारा मागितला होता. नातवंडांनी उंबरठ्याचंच गाणं केलं.

मग वंशावळ म्हणजे काय? शमुवेलाचं उदाहरण घ्या. ‘१ शमुवेल’मध्ये त्याचा बाप एलकाना एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातला, लेवीचं नावही नाही. पण बंदिवासानंतर लिहिलेल्या ‘१ इतिहास’मध्ये तोच शमुवेल थेट कोरहाच्या वंशात येऊन बसतो. शिलोच्या मंदिरात ज्यानं सेवा केली, तो लेवीच असला पाहिजे, असं त्या लेखकाला वाटलं असणार. म्हणजे इथे वंशानं काम दिलं नाही, कामानं वंश दिला.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ‘एज्रा’च्या दुसऱ्या अध्यायात काही याजक घराण्यांना आपली नोंद सापडत नाही, म्हणून त्यांना याजकपणातून वगळलं जातं. एकाच परंपरेत वंशावळ दार उघडते आणि बंदही करते. तेव्हा ती वाचताना नुसती नावं मोजू नका. ती कुणी लिहिली, आणि कुणासाठी दार उघडायला लिहिली, हे आपण विचारलंच पाहिजे.