गव्हाणीपाशी कोण बोलते? : घरातील नाताळ व लूथरचे एक बालगीत

आगमनकाळ जवळ आला की पाळक व धर्मशिक्षक यांच्याकडून एक मागणी हमखास होते : घरच्या घरी मुलांसह करता येईल असा नाताळचा लहानसा विधी कोणी तरी तयार करून द्यावा. मागणी रास्त आहे. परंतु तिच्या मुळाशी अशी समजूत दिसते की, मंडळीच्या उपासनेला कात्री लावून ती आखूड केली म्हणजे घरातील उपासना सिद्ध होते. ही समजूत आम्हांस मान्य नाही. घरातील नाताळ हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, आणि त्याची कसोटीही स्वतंत्र आहे : त्यात मुलाला स्वतःच्या तोंडाने काही विचारता येते की नाही?

ही कसोटी पांढुर्णा व सौंसर या भागाला लावून पाहावी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन तालुके मध्यप्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ पासून दोहोंचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. येथे घरची बोली मराठी, शाळेची व कचेरीची भाषा हिंदी. ख्रिस्ती घरातही तेच. आजी ‘नाताळ’ म्हणते, नातू ‘बडा दिन’ म्हणतो. शब्दांचा हा भेद वरवरचा नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायातील बालकाला मराठी शास्त्रात बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले आहे. हिंदी शास्त्रात तेच बालक कपड्यात गुंडाळलेले आणि ‘चरनी’त आहे. ज्या घराच्या मागे अजून बैल बांधलेला असतो तेथे गव्हाण दाखवता येते, तिच्यातल्या कडब्याचा वास घेता येतो. ‘बाळंते’ म्हटल्यावर तर धाकट्या भावंडाचे दोरीवर वाळणारे फडके डोळ्यांपुढे येते. देहधारणाचा सिद्धान्त मुलाला समजावून देण्यास याहून अधिक साधन आम्हांस तरी ठाऊक नाही. पण शाळेत व पुष्कळदा उपासनेतही ‘चरनी’ ऐकणाऱ्या मुलाला, ती म्हणजे आपल्या गोठ्यातील गव्हाणच, हे सांगायला कोणी तरी हवे. ते सांगण्याची जागा मंदिरातील उपदेशपीठ नव्हे. ती घरातच आहे.

प्रत्यक्षात घरी काय होते? पताका, तारा, फराळ, नवे कपडे. झाडावर हिम म्हणून चिकटवलेला कापूस. ज्या मुलखात डिसेंबरात शेतातून कापूस वेचला जातो, तेथे कापसाने बर्फाचे सोंग घ्यावे, यातील विनोद कोणाच्या ध्यानात येत नाही. मग मंदिरातील कार्यक्रमासाठी पाठ केलेली नाटिकेतील वाक्ये मूल पाहुण्यांपुढे म्हणून दाखवते, टाळ्या होतात आणि खाऊ मिळतो. मुलाने भूमिका केली, विधी केला नाही. नाटिकेविषयी आमचा आक्षेप नाही; तिला घरातील उपासना समजणे, यास आहे.

या संदर्भात एका जुन्या कृतीचे परीक्षण उपयुक्त ठरेल. मार्टिन लूथरने १५३५ साली नाताळचे एक गीत प्रसिद्ध केले आणि त्यास बालगीत असेच नाव दिले. ते त्याने स्वतःच्या घरातील मुलांसाठी रचले, अशी परंपरा आहे. छिंदवाड्यास मुख्यालय असलेली मध्यप्रदेशातील ल्यूथरन मंडळी स्वीडिश मिशनच्या कार्यातून उभी राहिली. म्हणजे या भागाला ही कृती अगदीच परकी म्हणता येणार नाही.

गीताची कडवी पंधरा. पहिल्या पाच कडव्यांत देवदूत बोलतो : बातमी सांगतो आणि खूणही सांगतो. सहाव्यात स्वर पालटतो. मेंढपाळांबरोबर आपणही आत जाऊ, असे ऐकणारेच म्हणू लागतात. सातव्यात गाणारा आपल्या मनाला म्हणतो, तिकडे पाहा, गव्हाणीत काय आहे? आणि त्यानंतर, येथेच रचनेचे खरे बळ आहे, मूल थेट त्या बालकाशी बोलू लागते. अगोदर पाहुण्याचे स्वागत. लगेच प्रश्न : सर्व काही निर्माण करणारा तू, मग बैल व गाढव खातात त्या वाळल्या गवतावर का पडलास? जग कितीही मोठे व रत्नांनी मढलेले असते तरी तुझ्यासाठी तो पाळणा अपुराच झाला असता, हेही मूलच म्हणते. शेवटी ते आपल्या हृदयात त्याला बिछाना घालून देते. सिद्धान्त सांगणारा देवदूत पाच कडव्यांत थांबतो. उरलेल्या बहुतेक गीतावर ऐकणाऱ्याचा ताबा आहे. आमच्या छापील विधींत हे प्रमाण नेमके उलटे असते.

हा काही योगायोग नाही. १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत लूथरने प्रत्येक भागाच्या शिरोभागी लिहिले की, कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांस साधेपणाने शिकवावे. आणि प्रत्येक आज्ञेनंतर ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न ठेवला. मूळ धडा निर्गम १२:२६ चा. वल्हांडणाच्या विधीत मुलांचा प्रश्न गृहीत धरलेला आहे. मुले विचारतील, मग उत्तर द्या. प्रश्नाविना विधी पुढे सरकतच नाही.

चालीची हकीकत अधिक बोधप्रद आहे. १५३५ साली हे गीत ज्या चालीवर छापले गेले ती लोकांतील कोड्याच्या खेळाची चाल होती : परगावचा गडी नवलाच्या बातम्या घेऊन येतो, कोडे घालतो, आणि मुलीला ते सुटले नाही तर तिची माळ त्याची. देवदूताचा आरंभ या परगावच्या गड्याच्या बोलण्यावरून उचललेला आहे. विदर्भातील भुलाबाईच्या खेळात गाणी संपल्यावर झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखण्याची चढाओढ लागते, ती ज्या वाचकांनी पाहिली असेल त्यांस या युक्तीचे मर्म लगेच कळेल. झाकलेले आहे, विचारा, ओळखा, मग वाटून घ्या. भुलाबाईची गाणी पार्वतीची आहेत. ती आम्ही घ्यावीत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ओळखण्याचा खेळ देवतेच्या मालकीचा नाही. १५३९ साली लूथरच्या गीतास नवी चाल मिळाली व मंदिरांत तीच रूढ झाली, हेही सांगितले पाहिजे. घरात जे शोभले ते मंडळीत तसेच ठेवण्याचा आग्रह धरला गेला नाही. आमच्याकडे मात्र मंदिरात जे शोभते तेच घरात असावे, हा हट्ट आहे.

मग मराठीत काय उपलब्ध आहे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनाला देशी अंग दिले आणि ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचे संपादनही केले. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही नाताळपुरता एक भेद करावा लागतो. टिळकांच्या भक्तीत ख्रिस्त ही माउली आणि भक्त हे तिचे लेकरू. नाताळात नाते उलटे होते : प्रभू लेकरू होतो आणि भक्त वडीलधारा. या दुसऱ्या भावासाठी मराठीत ‘पाळणा’ तयार आहे, आणि ख्रिस्ती पाळणे रचलेही गेले आहेत. पण नेहमीच्या पाळण्यात आई गाते व मूल ऐकत झोपी जाते. नाताळच्या पाळण्याची दोरी मुलाच्याच हाती असली पाहिजे. एरवी ज्याला सर्व जण निजवतात त्याने आज आपल्याहून लहान अशा प्रभूला निजवायचे. असे झाले की पाळण्यातले जुने शब्दही नवे होतात. दोरी प्रौढांच्या हाती राहिली तर तो केवळ गोड ठरतो.

लूथरच्या गीतात उणिवा नाहीत असे नव्हे. बैल व गाढव लूकच्या वृत्तान्तात नाहीत. ते यशया १:३ वरून परंपरेत आले आहेत, आणि चौकस मूल शास्त्र उघडून ते विचारीलच. दुसरी उणीव अधिक गंभीर. गीतात हेरोद नाही. आमच्याही घरांतून तो अंग चोरून निघून जातो. मत्तय २ मधील मागी सोने, ऊद, गंधरस ठेवून गेले की पडदा पडतो. मुलांना हे झेपणार नाही, असे कारण सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडील मुले तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा मागतात. त्याच दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार होते आणि माणसे रक्तबंबाळ होऊन घरी येतात. त्या प्रथेची मीमांसा येथे करावयाची नाही. पण तेथील मुलाला रक्त ठाऊक आहे. ‘प्रभूचे आईबाप रात्रीच का पळाले?’ असे त्याने विचारले तर त्याच्या आजीला उत्तर देता येईल. आम्ही दिलेल्या कागदात मात्र ते नसते.

उत्तर कोणत्या भाषेत, हाही प्रश्न सौंसरच्या पाळकापुढे येतो. मुलाने हिंदीत विचारावे, आजीने मराठीत सांगावे. यात आम्हांस वावगे दिसत नाही. ‘चरनी’ विचारली जाते, ‘गव्हाण’ दाखवली जाते, आणि मुलाला दोन्ही शब्द मिळतात. दोघांनाही एकाच छापील भाषेत बांधले तर एक जण गप्प बसेल, आणि बहुधा आजीच.

तेव्हा नवा विधी छापून पाठवण्यापूर्वी पाळकबंधूंनी एवढे तरी करावे : नाताळच्या आदल्या रात्री गायनमंडळ घरोघरी नेताना प्रत्येक घरी आपणच वाचन, आपणच प्रार्थना व आपणच गीत असा क्रम न ठेवता, दारात उभे राहून देवदूताचा भाग तेवढा म्हणावा आणि पुढच्या घराकडे वळावे. आतले उरलेले गीत घरच्यांचे आहे. मंडळाच्या चहासाठी त्यांना तासभर ताटकळत ठेवू नये. मुले झोपी जातात.