ताण आणि भोंगा : एका उपदेशाची भाषिक चिकित्सा

किशोरवयीन मुलांचा ताण आणि भ्रमणध्वनी यांविषयी मराठीत सध्या विपुल उपदेशपर लेखन होत आहे. साधन दूर केले की ताण दूर होतो, हे त्यामागील गृहीत मात्र क्वचितच तपासले जाते. ‘डिजिटल डिटॉक्स’ ही संज्ञा या गृहीताचीच वाहक होय. तीत साधन विष ठरते आणि मूल विषबाधित.

या विचाराचा सर्वांत लक्षणीय प्रयोग सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेने ठराव केला आणि सायंकाळी सातला भोंगा वाजताच साडेआठपर्यंत घरोघरचे फोन व दूरचित्रवाणी संच बंद ठेवण्याची प्रथा पडली. या प्रयोगाचे मर्म बंदीत नसून सहभागात आहे. नियम मुलांपुरता नव्हता. वडीलधाऱ्यांनाही तो लागू होता.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात ही योजना जशीच्या तशी लागू पडणार नाही. दुसऱ्या पाळीचा कामगार सायंकाळी सातला यंत्रापाशी उभा असतो. ‘जेवलास का?’ हा प्रश्न त्याला जेवणाच्या सुट्टीत फोनवरूनच विचारावा लागतो. ज्या साधनामुळे मुलाचे जागरण होते आणि इतरांशी तुलना वाढते, तेच साधन येथे बापलेकांमधील दुवाही असते. ‘विष’ या रूपकात या दुहेरी वस्तुस्थितीला जागा नाही.

‘ताण’ हा शब्द ‘तन्’ या संस्कृत धातूशी निगडित आहे. ‘टेन्शन’चे लॅटिन मूळही त्याच आदिम धातूपर्यंत पोहोचते. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे. परंतु ताणाला दोन टोके लागतात, एवढे ती सुचविते. उपदेशक केवळ पडद्याचे टोक पाहतात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही चिंतेची कारणे सांगितली. दुसरे टोक येथे आहे.

व्याकरणाची साक्षही विचारार्ह आहे. मुले ‘मला टेन्शन येते’ असे म्हणतात. या रचनेत ‘टेन्शन’ कर्त्याच्या स्थानी असून मूल चतुर्थीत, म्हणजे केवळ अनुभवणारे, आहे. उपदेश मात्र ‘टाळावे’, ‘ठरवावे’ अशा विध्यर्थी रूपांत येतो आणि मुलालाच कर्ता करतो. मुलाने सांगितलेल्या अनुभवाला अशा रीतीने आरोपाचे उत्तर मिळते व संवाद खुंटतो.

यास्तव पहिली गरज ऐकून घेण्याची आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही शासकीय सेवा फोनवरूनच चालते, ही गोष्टही साधनाला सरसकट विष म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. वडगावकडून घ्यावयाचे ते भोंग्याची वेळ नव्हे, तर वडीलधाऱ्यांनी स्वतःवर घालून घेतलेला नियम. पाळीच्या वेळापत्रकात बसणारा, मुलांना विचारून ठरविलेला असा नियम या पट्ट्यातील घरांना व शाळांना अशक्य नाही.