चेहरा बदलला, संशय तसाच

लॉस एंजेलिसमध्ये नाकामोतो या जपानी कंपनीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा सोहळा चालू आहे. वरच्या मजल्यावर संचालकांच्या बैठकीच्या टेबलावर एका गोऱ्या तरुणीचे प्रेत पडले आहे. फिलिप कॉफमन यांचा ‘रायझिंग सन’ (१९९३) हा चित्रपट या खुनाभोवती फिरतो. कंपनीला अमेरिकेतला मायक्रोचिपचा एक उद्योग विकत घ्यायचा आहे. खुनाचे चित्रण एका डिस्कवर आहे आणि त्यात दिसतो एडी साकामुरा हा जपानी तरुण. तो चेहरा मागाहून चिकटवलेला असतो.

आम्हांला या चेहऱ्याविषयीच बोलायचे आहे. मायकेल क्रायटन यांच्या १९९२ च्या मूळ कादंबरीत खुनी जपानी आहे. तिच्यावर जपानद्वेषाचा आरोप झाला, आशियाई अमेरिकनांनी चित्रपटालाही विरोध केला. पडद्यावर खुनी अमेरिकन वकील झाला. म्हणजे पटकथेतही चेहराच बदलला! हेतू चांगला असेल; पण दोन तास प्रेक्षकाला भीती दाखवली आहे ती जपानी माणसाचीच. त्याच्या रीतिभाती समजावून सांगायला शॉन कॉनेरीचा गोरा जाणकार लागतो. काळा पोलीस अधिकारी पाठलाग करणाऱ्या जपान्यांना आपल्या वस्तीत नेतो, आणि तिथली काळी पोरे त्यांना धडा शिकवतात. एका संशयिताच्या हाती दुसऱ्यासाठी काठी देण्याची ही युक्ती आपल्याला नवी नाही.

हा नुसता पडद्यावरचा खेळ नव्हता. १९८२ मध्ये डेट्रॉइटला व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगातल्या दोघा गोऱ्यांनी मारले. जपानी मोटारींवरचा राग तेव्हा त्या शहरात धुमसत होता. राज्याच्या न्यायालयाने दोघांना प्रोबेशन आणि प्रत्येकी ३,००० डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली.

आमच्या जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या सुपा औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी क्षेत्र राखले आहे. इथे जपानी पाहुणा आहे, गुंतवणूकदार आहे. अमेरिकेतही तो गुंतवणूकदारच होता. त्याच्याकडे निदान टॉवर तरी होता. आमच्यावर संशय घ्यायला पंक्चरचे दुकानही पुरते. ‘सरफरोश’मध्ये (१९९९) इन्स्पेक्टर सलीम प्रामाणिक दाखवला, याचे आपण कौतुक केले आणि ते योग्यच होते. तरी निष्ठेची परीक्षा सलीमला द्यावी लागते, राठोडला नाही.

‘रायझिंग सन’मधला खरा जिवंत माणूस कॅरी-हिरोयुकी तागावा यांचा एडीच. बडबड्या, उधळ्या, थोडा चावट. सज्जनपणाचा दाखला तो कुणाकडे मागत नाही. अस्सल डिस्क त्याच्याकडूनच मिळते. मरतोही तोच, आणि तपास पुढे चालू राहतो.