पीडितांचे शिक्षण आणि जातीची उतरंड

उपेक्षित वस्त्यांतील युवकांना मानवी हक्कांचे शिक्षण देऊ पाहणाऱ्याच्या हाती बहुधा पावलो फ्रेअरी यांचा ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ हा ग्रंथ येतो. १९७० साली तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ब्राझीलमधील निरक्षर श्रमिकांना शिकविताना आलेला अनुभव आणि १९६४ च्या लष्करी उठावानंतर वाट्यास आलेला तुरुंगवास व हद्दपारी, ही त्याची पार्श्वभूमी. त्याची थोरवी मान्य करूनही तो आपल्या भूमीत कितपत लागू पडतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

शिक्षक विद्यार्थ्याला रिकामे खाते समजून त्यात ज्ञानाची ठेव जमा करतो, हा फ्रेअरी यांचा मुख्य आक्षेप. तो आपल्याला झोंबणारा आहे. प्रश्नोत्तरी पाठ करून घेण्याची आपली जुनी सवय हक्कांच्या वर्गातही शिरते. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, हे वाक्य मुलगा घोकतो. गावच्या पाणवठ्यावर काय घडते, हे त्याला कोणी विचारीत नाही. ज्याला बोलू दिले जात नाही, त्याला भाषणस्वातंत्र्य कसे शिकविणार?

मात्र ग्रंथाची मांडणी पीडक व पीडित या दोन पक्षांवर उभी आहे. पीडिताच्या मनात पीडक घर करतो, हे फ्रेअरी जाणतात, तरीही डॉ. आंबेडकरांनी दाखविलेली श्रेणीबद्ध असमानता त्या चौकटीत पुरती मावत नाही. येथे वरच्याचा अन्याय सोसणाऱ्यालाही पायाखाली एक पायरी मिळते, आणि ती सोडवत नाही. म्हणून ‘माझ्यावर अन्याय कोण करतो?’ याच्या जोडीला ‘मी कोणाला दूर ठेवतो?’ हाही प्रश्न वर्गात आला पाहिजे. शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूने शमरोनी मनुष्याचा दाखला सांगून तो प्रश्न त्याच्यावरच उलटविला होता.

ख्रिस्तसभाही यातून सुटत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत गणले जात नाहीत. त्याविरुद्धची आपली मागणी रास्तच आहे. परंतु सभेतही अस्पृश्यता पाळली जाते, ही कबुली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या दलितविषयक धोरणात दिली आहे. काही ठिकाणी दफनभूमीही वेगळ्या आहेत. त्या तशाच ठेवून मागितलेल्या न्यायाला बळ कोठून येणार?

धर्मशिक्षकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा; परंतु त्याला आंबेडकरांच्या लेखनाची जोड द्यावी. उद्या एखादा युवक आपल्याच मंडळीतील भेदाविषयी विचारील. त्याला गप्प न करण्याची तयारी असेल, तरच हा वर्ग सुरू करावा.