अंगणवाडी आणि पालक : एका संकल्पनेचे परीक्षण

कुटुंबाला साहाय्य करणाऱ्या सेवांचा विचार करताना ‘पालक उदासीन असतात’ हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की, ते तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याचे महत्त्व असे की, त्यांनी ते प्रमाण मानले नाही.

१९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. गावातील बालवाडीत दलित वस्तीवरील मुले येईनात. त्याचा दोष आईबापांच्या माथी न मारता ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम या कृतीत आहे. पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना हाच न्याय लावण्यात आला. धाकट्या भावंडास सांभाळणाऱ्या मुलीला शिकता यावे म्हणून शाळेस पाळणाघराची जोड मिळाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. घराची अडचण ओळखून संस्थेने आपली रचना बदलली, हे या प्रयोगाचे मर्म होय.

तथापि त्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. या तिन्ही उदाहरणांत पालकांचे म्हणणे वाचले गेले ते मुलांच्या अनुपस्थितीतून. अडचण पालकांची असली, तरी उपाय सुचविणारी दृष्टी शिक्षिकेची होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. पण शब्दाबरोबर ही मर्यादाही गेली, किंबहुना ती वाढली. मूळ योजनेतील सहा सेवांपैकी प्रौढांच्या प्रबोधनाची सेवा एकच : पोषण व आरोग्यशिक्षण. तीही १५ ते ४५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी. म्हणजे माता ही शिकणारी, आणि पित्याचा तेथे उल्लेखच नाही. सेविका त्याच वस्तीतील असावी, हा दंडक मात्र जुन्या जवळिकीचा अंश टिकवून धरतो. परंतु जवळीक म्हणजे सहभाग नव्हे. अंगण घराचे असले, तरी तेथील कारभार कोण ठरवितो, हा प्रश्न उरतोच.

यास्तव पालकसभेतील उपस्थिती हे सहभागाचे पुरेसे गमक ठरत नाही. केंद्राची वेळ, जागा वा कामाची पद्धत पालकांच्या सांगण्यावरून कधी बदलली काय, ही अधिक खरी कसोटी होय. बोर्डीतील बालवाडीने न सांगितलेले ओळखले. तिचा वारसा सांगणाऱ्या सेवांनी निदान सांगितलेले तरी ऐकले पाहिजे.